आकड्यांची चाकरी : डेटा सायन्सच्या नोकरीत प्रत्यक्ष काम काय असते?

संपादक मंडळाने यंदा आम्हांस धान्यबाजाराऐवजी निराळ्याच विषयावर लिहिण्याची आज्ञा केली. त्याचे कारण सभासद बंधुभगिनींस ठाऊक आहे. अलीकडे आपल्या समाजातील अनेक मुलामुलींनी डेटा सायन्स शिकण्याचा ध्यास घेतला आहे. तामसीसारख्या पैनगंगेकाठच्या लहानशा गावातूनही मुले हैद्राबादेस व पुण्यास जात आहेत. आईबाप हजारो, प्रसंगी लाखो रुपये शुल्क भरीत आहेत. परंतु ही मुले पुढे नेमके कोणते काम करणार, असे विचारले असता बहुतेक वडीलधारी मंडळी 'कॉम्प्युटरचे काही तरी' एवढेच उत्तर देतात. ज्या मालाचा नमुना पाहिला नाही त्याचा सौदा आपण करीत नाही. मग मुलांच्या आयुष्याचा सौदा नमुना न पाहता का करावा?

आम्ही पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेले धान्याचे घाऊक व्यापारी. या शास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा दावा नाही. तथापि आमच्या धाकट्या बंधूंची कन्या हैद्राबादेस याच कामावर आहे. तिच्याशी वेळोवेळी झालेले बोलणे, काही वाचन व आमच्या पेढीवर घडलेला एक महागडा प्रसंग यांच्या आधारे चार गोष्टी सभासदांच्या सेवेशी सादर करीत आहोत.

आमच्या तुरीची गोष्ट

प्रसंग पुढीलप्रमाणे घडला. सन २०१५ साली तुरीच्या डाळीने किरकोळ बाजारात किलोस दोनशे रुपयांचा पल्ला गाठला, हे कोणी विसरले नसेल. त्या वर्षी आम्हांस बरा नफा झाला. तोच हर्ष मनात ठेवून सन २०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही सरकारने घालून दिलेल्या साठ्याच्या मर्यादेत राहून, पण मर्यादा पूर्ण भरेपर्यंत, क्विंटलला नऊ हजारांच्या घरात तूर घेतली व वखारीत ठेवली. 'दिवाळीपर्यंत बारा हजार', असे आम्ही चारचौघांत बोलूनही दाखविले. त्या खरिपात शेतकऱ्यांनी जिकडे तिकडे तूर पेरली, पाऊसही साथीला आला. देशाचे तुरीचे उत्पादन २०१५-१६ मध्ये सुमारे २५.६ लाख टन होते, ते २०१६-१७ मध्ये सुमारे ४८.७ लाख टनांवर गेले. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये असताना बाजारात त्याहून खाली सौदे होऊ लागले. आम्ही शेवटी साडेचार हजारांच्या आसपास माल काढला. पेढीची जवळजवळ अर्धी रक्कम त्या तुरीत बुडाली, आणि त्या वर्षी घरातले एक लग्न पुढे ढकलावे लागले.

पुढे दोन वर्षांनी आमची ही पुतणी सुटीत घरी आली. तिने विचारले, ''मोठे काका, आपल्या जुन्या वह्या मला पाहू द्याल का?'' आम्ही म्हटले, ''पाहा बेटा, पण त्यात तुला काय सापडणार? सगळा हिशेब आमच्या डोक्यात आहे.'' तिने माळ्यावरून सन १९८९ च्या दिवाळीपासूनच्या रोजकीर्दी व खतावण्या काढल्या आणि त्यांतील तुरीची आवक व भाव उतरवून घेण्यास बसली.

तीन आठवड्यांची तिची सुटी होती. त्यांतील सोळा दिवस नुसते आकडे नीट करण्यात गेले. जुन्या वह्या वीर निर्वाण संवताच्या, नव्या इसवी सनाच्या; त्यांचे महिने जुळवावे लागले. कोठे माल क्विंटलने मांडलेला, कोठे नुसती पोती, आणि पोतेही कधी शंभर किलोंचे, कधी पन्नासाचे. एका मुनिमाने 'तूर' व 'तूरडाळ' एकाच खात्यात घातलेली. दोन वर्षांच्या वह्यांस वाळवी लागलेली. प्रत्येक वेळी ती आम्हांस विचारी आणि आम्ही ज्या आत्मविश्वासाने उत्तर देत असू, ते वही उघडल्यावर निम्म्या वेळा चुकीचे निघे. 'हिशेब डोक्यात आहे' ही आमची समजूत त्या सोळा दिवसांत पुरती उतरली.

उरलेल्या दिवसांत तिने एक साधा तक्ता केला. डाव्या बाजूस भाव चढला ती वर्षे, उजव्या बाजूस त्याच्या पुढील वर्षाची आवक. चढ्या भावाच्या सात वर्षांपैकी पाच वर्षांनंतर आमच्याच पेढीवर आवक लक्षणीय वाढलेली होती. भाव चढला की शेतकरी ते पीक अधिक पेरतो, ही गोष्ट आम्ही जन्मभर पाहत आलो आहोत. परंतु स्मरणात फायद्याची वर्षे ठळक राहिली होती व तोट्याची पुसट झाली होती. वहीने मात्र दोन्ही सारख्याच शाईने लिहून ठेवली होती.

आम्ही उत्साहाने म्हणालो, ''म्हणजे आता तू दरवर्षी भाव सांगशील!'' त्यावर ती म्हणाली, ''नाही काका. सात वर्षे फार थोडी आहेत. शिवाय आयातीचा एखादा सरकारी हुकूम निघाला की हा तक्ता उलटतो. एवढेच सांगता येईल की, भाव फार चढल्यावर वखार गच्च भरणे धोक्याचे आहे.'' आम्हांस वाटते, या चार वाक्यांत या शास्त्राची ताकद व मर्यादा दोन्ही आल्या.

नाव नवे, काम जुने

'डेटा सायंटिस्ट' हे पद सुमारे २००८ साली अमेरिकेत रूढ झाले. त्याचे श्रेय डी. जे. पाटील व जेफ हॅमरबाकर या दोघांस दिले जाते. यांपैकी पाटील हे जमशेदपूर येथे जन्मलेले व पुढे अमेरिकेत सिरस लॉजिक ही कंपनी स्थापन करणारे सुहास पाटील यांचे चिरंजीव. त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळविली व हवामानाच्या आकड्यांवर काम केले. सन २०१२ मध्ये थॉमस डॅव्हनपोर्ट यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यांनी ही नोकरी या शतकातील सर्वांत मोहक ठरविली आणि तेव्हापासून जगभर तिच्यामागे धाव सुरू झाली. सन २०१५ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी त्यांस अमेरिकी सरकारचे पहिले मुख्य डेटा सायंटिस्ट नेमले.

परंतु कामाचे मूळ पुष्कळ जुने आहे, आणि धान्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. डब्लिन शहरातील गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत विल्यम गॉसेट नावाचे गृहस्थ १८९९ मध्ये नोकरीस लागले. जवाची कोणती जात चांगली, हे ठरविण्याचे काम त्यांच्याकडे आले. शेतावरील प्रयोग महाग, म्हणून नमुने मोजकेच मिळत. थोड्या नमुन्यांवरून काढलेल्या निष्कर्षावर कितपत भरवसा ठेवावा, याचे गणित त्यांनी १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केले. आपण चार पोत्यांत लोखंडी नळी खुपसून दाणे काढतो व सबंध गाडीचा भाव करतो, त्याच व्यवहारामागचे हे गणित होय. आज औषध कंपन्यांपासून कारखान्यांपर्यंत सर्वत्र ते वापरतात. (व्यवसाय मद्याचा असला तरी विद्या ग्राह्य मानावी.)

आपल्याकडील थोर नाव म्हणजे सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने, आणेवारीने होत असे. भारतीय कृषि संशोधन परिषदेत असताना सुखात्मे यांनी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे शेते निवडून, त्यांतील ठरावीक तुकड्याचे पीक प्रत्यक्ष कापून, वजन करून अंदाज काढण्याची पद्धत देशभर रुजविण्यात मोठा वाटा उचलला. तुकडा फार लहान घेतला तर कडेची ताटे आत धरली जातात व उत्पन्न फुगलेले दिसते, हेही त्यांनी दाखवून दिले. पुढे १९५१ पासून सुमारे वीस वर्षे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. शेताच्या बांधावर उभे राहून 'हे ताट आत की बाहेर?' असे विचारणे, हेच त्या काळचे डेटा सायन्स होते.

निरनिराळ्या धंद्यांत काम कसे असते

पुतणीच्या सांगण्याप्रमाणे या क्षेत्रात स्थूलमानाने तीन प्रकारची माणसे लागतात. पहिला डेटा इंजिनिअर. निरनिराळ्या ठिकाणांहून आकडे आणणे व वखारीत नीट थप्पी लावून ठेवणे हे त्याचे काम. दुसरा डेटा ॲनालिस्ट. हा आपल्या मुनिमासारखा. काय घडले याचे तक्ते करून मालकापुढे ठेवतो. तिसरा डेटा सायंटिस्ट. तो मागील आकड्यांवरून पुढचा अंदाज बांधणारे गणित संगणकास शिकवितो, व ते गणित खरे ठरते का हे पाहण्यासाठी शेवटच्या काही वर्षांचे आकडे मुद्दाम झाकून ठेवून त्यांवर परीक्षा घेतो. नव्या मुलांस बहुधा पहिल्या दोहोंपैकी काम मिळते. जाहिरातीत मात्र तिसऱ्याचेच चित्र असते.

आकडे साफ करणे हे काम सर्व धंद्यांत सारखेच. फरक पडतो तो चूक झाली तर कोणास भोगावी लागते व ती किती दिवसांनी कळते, यात.

बँकेत कर्ज फेडणारा कोण व बुडविणारा कोण, याचा अंदाज बांधतात. समजा, शंभरांतले दोघे कर्ज बुडवितात. 'कोणीच बुडविणार नाही' असे सांगणारे गणित शंभरांत अठ्ठ्याण्णव वेळा खरे ठरेल, पण बँकेच्या काडीइतके कामाचे नाही. त्या दोघांस हुडकताना चांगल्या वीस जणांस नाकारले गेले तर त्या वीस घरांवर अन्याय होतो. म्हणून कोणास का नाकारले, याचे कारण लिहून देणे हा तेथील कामाचा मोठा भाग असतो. चूक कळण्यास मात्र वर्षे लागतात.

रुग्णालयांत व औषधांच्या धंद्यात सावधगिरी सर्वांत मोठी. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यास होणारा विकार छायाचित्रावरून ओळखणारे गणित गूगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यासाठी मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासह भारतातील रुग्णालयांतूनही छायाचित्रे घेतली होती. वाचकांनी लक्षात घ्यावे ते असे की, सुमारे १ लाख २८ हजार छायाचित्रे आधी ५४ नेत्रतज्ज्ञांनी पाहून, प्रत्येकावर तीन ते सात वेळा मत नोंदविले, तेव्हा कोठे संगणक शिकू लागला. यंत्राच्या शहाणपणामागे माणसांची अशी मजुरी असते.

किरकोळ विक्रीच्या मोठ्या साखळ्यांत कोणत्या दुकानी किती माल पाठवावा, हा रोजचा प्रश्न. येथे चूक दुसऱ्या दिवशीच कळते; फळी रिकामी पडते किंवा माल नासतो. सन २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते, २०२३ मध्ये अधिक मास आल्याने ते १२ नोव्हेंबरला गेले. इंग्रजी तारखांवर शिकविलेल्या गणितास दिवाळी सापडत नाही. अशा वेळी तिथी जाणणारे व्यापारी घराण्यातील मूल उपयोगी पडते.

शेती व हवामान हे क्षेत्र आपल्या सर्वांत जवळचे. हैद्राबादेस राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र आहे. दिल्लीत २०१२ पासून महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र काम करते. उपग्रहाच्या चित्रांवरून पिकाखालील क्षेत्र काढतात. परंतु खरिपात आभाळ भरलेले असते, साध्या चित्रात ढगच दिसतात, म्हणून ढगांपार पाहणाऱ्या रडारची चित्रे लागतात. आणि उपग्रहाने दाखविलेला हिरवा तुकडा कापसाचा की तुरीचा, हे ताडून पाहण्यास कोणास तरी आपल्या तामसीच्या काळ्या रानात चिखल तुडवीत यावेच लागते.

कारखान्यांत यंत्राची थरथर व उष्णता मोजून बिघाड आधी ओळखण्याचा यत्न करतात. बिघाड क्वचितच होतो, त्यामुळे शिकण्यास उदाहरणेच थोडी मिळतात. करखात्यात, १ जुलै २०१७ रोजी जीएसटी व १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल आल्यावर, खोटी बिले हुडकण्याचे काम याच मार्गाने चालते. आपली बिले आता माणसाआधी गणित वाचते, हे सभासदांनी ध्यानी धरावे.

मोठमोठ्या कंपन्यांचेही अंदाज चुकतात. लोक संगणकावर काय शोधतात यावरून फ्लूची साथ सांगणारी गूगलची योजना २००८ मध्ये निघाली. सन २०१२-१३ च्या हिवाळ्यात तिने अमेरिकेच्या सरकारी आकड्यांच्या जवळजवळ दुप्पट रोग दाखविला. २०१५ मध्ये ती बंद झाली. आमच्या तुरीस एवढा तरी दिलासा!

आपल्या परंपरेचा वारसा

जैन समाजास हा विषय परका नाही. संख्यात, असंख्यात व अनंत असे संख्यांचे भेद आपल्या आगमांनी केले. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. याहून नवलाची गोष्ट अशी की, भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिताना स्याद्वादाचा आधार घेतला, आणि जे. बी. एस. हॉल्डेन या विख्यात जीवशास्त्रज्ञाने १९५७ साली त्याच संस्थेच्या 'सांख्य' या नियतकालिकात स्याद्वादावर स्वतंत्र लेख लिहिला. 'कदाचित आहे, कदाचित नाही, कदाचित सांगता येत नाही' हे ज्यास प्रामाणिकपणे म्हणता येते, तोच चांगला अंदाज करतो. आमच्या पुतणीने तक्त्याविषयी जे सांगितले ते याहून वेगळे नव्हते.

तसेच श्रावकाच्या अणुव्रतांचे अतिचारही येथे आठवावेत. कूटलेखक्रिया म्हणजे खोटे लेख करणे; मालकास आवडेल असा आकडा काढून देणे हे त्याच जातीचे पाप. रहोभ्याख्यान म्हणजे दुसऱ्याचे गुपित उघड करणे. ग्राहकांची माहिती विकणे हे त्यातच मोडते. सरकारने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. आपणांस ते बंधन त्याआधी फार पूर्वीपासून आहे.

शुल्क भरण्यापूर्वी

आता मुख्य मुद्दा. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने गावठाणातील जागा विकून मुलास सहा महिन्यांच्या एका शिक्षणक्रमास घातले. नोकरीची हमी तोंडी दिली होती, कागदावर नव्हती. आज तो मुलगा घरी आहे व बापलेकांत बोलणे तुटले आहे. दोष मुलाचा नाही. म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, पुढील गोष्टी विचाराव्यात. मागील वर्षी शिकलेल्या किती मुलांस, कोणत्या कामावर, किती वेतनाची नोकरी लागली, हे लेखी देता का? संख्याशास्त्राचा पाया शिकविता की नुसती बटणे दाबण्यास? मोडकेतोडके, खरेखुरे आकडे हाताळावयास देता का? आणि मुलासच विचारावे की, सोळा दिवस वाळवी लागलेल्या वह्या उतरविण्याचा तुला कंटाळा येणार नाही ना? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे मनापासून आले, तर त्यास अवश्य पाठवावे. न आले, तर तामसीची पेढीही वाईट नाही.

मुलींविषयी एक शब्द अधिक लिहितो. आमच्या घरात पुतणीस हैद्राबादेस पाठविण्यास प्रथम आम्हीच विरोध केला होता. ज्या वर्षी तिने वह्या मागितल्या त्या वर्षी आम्ही तो मनातून मागे घेतला. येथे तो लेखी मागे घेत आहोत.

शेवटी संघापुढे एक सूचना. आपल्या सभासदांच्या पेढ्यांवर तीस-चाळीस वर्षांच्या वह्या माळ्यावर पडून आहेत. दर दिवाळीस आपण नव्या वहीची पूजा करतो व जुनी वाळवीच्या स्वाधीन करतो. संघाने सुटीत घरी येणाऱ्या मुलांकडून, ग्राहकांची व शेतकऱ्यांची नावे वगळून, केवळ पीक, आवक व भाव एवढेच उतरवून घ्यावे व सर्व सभासदांस खुले ठेवावे. मुलांस खऱ्या आकड्यांचा सराव होईल, आणि आपल्यापैकी कोणी पुन्हा चढ्या भावात वखार भरू लागला तर त्याचा हात धरण्यास काही आधार राहील. पहिल्या वह्या आमच्या पेढीवरून न्याव्यात. त्यांत सन २०१६ ची वहीही आहे. ती आम्ही लपविलेली नाही.

जय जिनेंद्र.